बालबुद्धीचे पारखी : आल्फ्रेड बिने

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस बाजारात आला की तो काट्यावर चढतो आणि त्याचे वजन किती भरले हे घटकाभरात सर्वांना कळते. सोनाराजवळ कसोटीचा दगड असतो, कापडवाल्याजवळ गज असतो, डॉक्टरांजवळ ताप मोजण्याची नळी असते. परंतु वर्गात शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या मुलाला हिशेब का जमत नाही, वाचताना तो पावलोपावली का अडखळतो, हे सांगणारा काटा कोणाजवळ आहे? पूर्वीच्या काळी हा प्रश्न फारसा कोणी विचारीतही नसे. न शिकणाऱ्या मुलासाठी मठ्ठ, ढ, आळशी अशी विशेषणे तयारच असत आणि ती एकदा चिकटली की जन्मभर सुटत नसत. ह्या विशेषणांच्या जागी शांत चित्ताने केलेली परीक्षा यावी, आणि ती परीक्षा मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी नसून त्याला अधिक चांगले शिकविण्यासाठी असावी, असा आग्रह धरणारा एक शास्त्रज्ञ फ्रान्स देशात होऊन गेला. त्यांचे नाव आल्फ्रेड बिने. बुद्धिमापनाची पद्धत जगाला देणारे म्हणून त्यांचे नाव आज सर्वत्र घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्याची हकीकत थोड्यांनाच ठाऊक असते. ती मोठी उद्बोधक आहे.

आल्फ्रेड बिने यांचा जन्म १८५७ सालच्या जुलै महिन्यात भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या नीस ह्या शहरी झाला. त्या वेळी हे शहर सार्डिनियाच्या राज्यात होते. पुढे १८६० मध्ये ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर होते, आई चित्रकार होती. आईवडील लवकरच एकमेकांपासून वेगळे झाले आणि आल्फ्रेडचे संगोपन एकट्या आईने केले. मूल स्वभावाने भित्रे होते. त्याची भीती मोडावी म्हणून वडिलांनी एकदा त्याला मृतदेहाला हात लावावयास लावले, असे सांगतात. भीती मोडली तर नाहीच, उलट त्या प्रसंगाची दहशत त्याच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिली. मुलाचे मन जबरदस्तीने वळविता येत नाही, हा धडा बिने यांना पुस्तकांतून शिकावा लागला नाही. तो त्यांच्या वाट्याला बालपणीच आला होता.

पुढे आई त्याला घेऊन पॅरिसला आली. तेथील लुई-ल-ग्रां ह्या नामांकित विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळविली, परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. मग वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही अर्धवट राहिला. घरचे बरे असल्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. पण आयुष्याला दिशा नव्हती. अशा स्थितीत हा तरुण पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागला. तेथे त्याच्या हाती मानसशास्त्राची पुस्तके आली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या ग्रंथांनी तर त्याला वेडच लावले. मानसशास्त्र हा विषय त्या काळी नुकता कोठे तत्त्वज्ञानाच्या घरातून बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभा राहत होता. बिने यांना ह्या विषयात कोणी गुरू लाभला नाही, की कोणत्या विद्यापीठात त्यांनी त्याचे रीतसर शिक्षण घेतले नाही. ग्रंथालय हीच त्यांची पाठशाळा झाली.

पुस्तकी विद्येचे जसे लाभ असतात तशी उणीवही असते. तिचा कटू अनुभव बिने यांना लवकरच आला. पॅरिसच्या सालपेत्रिएर ह्या प्रसिद्ध रुग्णालयात शार्को नावाचे विख्यात डॉक्टर मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करीत आणि संमोहनविद्येचे प्रयोगही करीत. बिने त्यांच्या मंडळीत सामील झाले. संमोहित रोग्याच्या अंगावरून लोहचुंबक फिरविला तर शरीराच्या एका बाजूची लक्षणे दुसऱ्या बाजूला सरकतात, असे बिने व त्यांचे एक सहकारी प्रतिपादन करू लागले. बेल्जममधील देलबफ नावाच्या विद्वानाने हे प्रयोग पाहिले आणि त्यांतील फोलपणा उघड केला. रोग्यांना काय अपेक्षित आहे हे त्यांच्यासमोरच बोलले जात होते. रोगी तसे वागत होते. चुंबकाचा त्यात काहीएक भाग नव्हता. बिने यांनी आरंभी वाद घातला, पण अखेर आपली चूक जाहीरपणे मान्य केली. १८९० च्या सुमारास त्यांनी ते रुग्णालय सोडले.

दुसरा एखादा ह्या मानहानीने खचून गेला असता. बिने यांनी तिचा उपयोग करून घेतला. विचारणाऱ्याच्या सुरातून, नजरेतून, प्रश्नाच्या धाटणीतून उत्तर देणाऱ्याला नकळत इशारा मिळतो, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. पुढे १९०० साली ह्याच विषयावर त्यांनी एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. मुलांची परीक्षा घेताना परीक्षकाने कसे बोलावे, काय बोलू नये, ह्याविषयी त्यांनी जी काटेकोर शिस्त पुढे घालून दिली तिचे मूळ ह्या अपयशात आहे.

१८८४ मध्ये बिने यांचा विवाह लोर बाल्बियानी यांच्याशी झाला. त्यांचे श्वशुर प्राणिशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. ह्या दांपत्याला मादलेन व आलिस अशा दोन कन्या झाल्या. रुग्णालयाचे दार मागे पडल्यावर बिने यांचे घर हीच त्यांची प्रयोगशाळा बनली. मुली चालू लागल्या तेव्हाची त्यांची टिपणे मोठी मनोरंजक आहेत. थोरली मादलेन एका खुर्चीचा आधार सोडण्यापूर्वी पुढचा आधार कोठे आहे हे पाहून घेई आणि मगच पाऊल टाकी. धाकटी आलिस मात्र आधाराकडे न पाहता मोकळ्या खोलीच्या मध्यभागी झोकांड्या खात चालू लागे. एकाच आईबापांच्या पोटी, एकाच घरात वाढलेल्या दोन मुली. पण प्रत्येकीची रीत निराळी! एकदा त्यांनी मादलेनसमोर मोठ्या व लहान चकत्यांच्या दोन राशी मांडल्या. लहान चकत्या संख्येने अधिक होत्या. पण मोठ्या चकत्यांनी जागा अधिक व्यापली होती, म्हणून त्या चार वर्षांच्या मुलीने मोठ्या चकत्याच जास्त आहेत असे ठरविले. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, त्याची विचार करण्याची पद्धतच वेगळी असते, हे बिने यांना येथे दिसले.

१८९१ मध्ये एका रेल्वे स्थानकाच्या फलाटावर त्यांची गाठ आंरी बोनिस यांच्याशी पडली. बोनिस हे सॉर्बोन विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. ह्या ओळखीतून बिने यांना त्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला. पगार मात्र नव्हता. १८९४ मध्ये ते तिचे संचालक झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. त्याच वर्षी कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून त्यांनी विज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळविली. १८९५ मध्ये मानसशास्त्राचे एक वार्षिक त्यांनी सुरू केले. ते पुढे जगप्रसिद्ध झाले. बुद्धिबळपटू डोळे झाकून डाव कसे खेळतात, गणिती चमत्कार करणारे लोक आकडे मनात कसे धरतात, ह्यांचाही त्यांनी अभ्यास केला. जाक इनोदी हा लहानपणी मेंढ्या राखणारा मनुष्य. त्याला आकडे कानात ऐकू येत. दुसरा एक गणक होता, त्याला तेच आकडे डोळ्यांपुढे लिहिलेले दिसत. उत्तर दोघांचे बरोबर, पण वाट दोघांची भिन्न. इतके कार्य करूनही फ्रान्समध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉलेज द फ्रान्समधील अध्यासन रिकामे झाले तेव्हा ते पिएर जाने यांना देण्यात आले. बिने यांनी खेद केला असेल, पण कामात खंड पाडला नाही.

बुद्धी मोजावी कशी, हा प्रश्न तोपर्यंत त्यांच्या मनात घर करून बसला होता. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, अशी त्या काळच्या अनेक शास्त्रज्ञांची समजूत होती. बिने यांनीही शाळांत जाऊन हुशार व मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक निघाला तो अगदीच क्षुल्लक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणते मूल हुशार हे आधी ठाऊक असल्यामुळे मोजताना आपला हात नकळत त्या बाजूला झुकतो की काय, अशी शंका त्यांनी स्वतःवरच घेतली. सालपेत्रिएरचा धडा ते विसरले नव्हते. डोक्याचा घेर सोडून देऊन मूल काय समजते, काय आठवते, कसा निर्णय करते हेच पाहिले पाहिजे, ह्या निश्चयाप्रत ते आले.

ह्याच वेळी देशातील परिस्थितीने त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा केला. १८८२ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सहा ते तेरा वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षण सक्तीचे झाले होते. जी मुले पूर्वी शाळेची पायरी चढत नसत ती आता वर्गात येऊन बसली. त्यांतील काहींना नेहमीच्या शिकविण्याने काहीच येईना. त्यांचे काय करावे? १९०४ साली शिक्षणमंत्र्यांनी ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. मुलांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेत बिने अग्रभागी होते. त्यांना समितीवर घेण्यात आले. शिक्षणविषयक व वैद्यकीय परीक्षा झाल्यावाचून कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून खास वर्गात घालू नये, असा महत्त्वाचा निर्णय समितीने केला.

निर्णय उत्तम होता. पण परीक्षा करावयाची कशी? डॉक्टर आपल्या अंदाजाने दाखला लिहीत. एकाच मुलाविषयी वेगवेगळ्या डॉक्टरांचे दाखले बिने यांनी ताडून पाहिले तेव्हा ते एकमेकांशी जुळेनात. एकाने ज्याला अतिमंद ठरविले त्याला दुसऱ्याने किंचित मंद म्हटलेले असे. शिक्षकांचे मतही निर्दोष नव्हते. एखादे खोडकर मूल वर्गातून जावे म्हणून त्याला मंद म्हणण्याचा मोह होई. आणि शांत, निरुपद्रवी मूल काहीच शिकत नसले तरी कोणाच्या लक्षात येत नसे. आईबापांचे सांगणेही त्यांच्या आशेनुसार किंवा भीतीनुसार बदले. एका मुलाचे सारे आयुष्य अशा अंदाजावर लटकत ठेवणे बिने यांना अन्यायाचे वाटले.

तेओदोर सिमाँ नावाचे एक तरुण डॉक्टर काही वर्षांपूर्वी त्यांना येऊन मिळाले होते. पॅरिसजवळच्या एका मनोरुग्णालयाला जोडून मागासलेल्या मुलांची वसाहत होती. सिमाँ तेथे काम करीत. दोघांनी मिळून १९०५ मध्ये तीस चाचण्यांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. पहिली चाचणी अगदी सोपी होती : पेटलेली काडी हलविली असता मूल तिच्यावर नजर ठेवते की नाही? मग क्रमाक्रमाने पुढे जावयाचे. कागदात गुंडाळलेला खाऊ उलगडून खाणे, चित्रातील वस्तू दाखविणे, तीन आकडे ऐकून परत म्हणणे, दोन रेघांतील लांब कोणती ते सांगणे, लाकूड आणि काच ह्यांत किंवा माशी आणि फुलपाखरू ह्यांत भेद काय तो सांगणे, तीन शब्द घेऊन त्यांचे एक वाक्य करणे, आणि शेवटी अमूर्त कल्पनांतील सूक्ष्म भेद उलगडणे. ह्या प्रश्नांत शाळेतील पाठांतर शक्यतो नको, रोजच्या जीवनातील समज, स्मरण व तारतम्य पाहावयाचे, हे सूत्र होते. शिक्षकांच्या मते सामान्य असलेली पन्नासच्या आसपास मुले घेऊन त्यांनी ही श्रेणी प्रथम पडताळून पाहिली.

परीक्षा घेण्याची रीतही त्यांनी ठरवून दिली. खोली शांत असावी. मुलाशी प्रथम मायेने बोलून त्याची भीती घालवावी. तो चुकला तरी रागावू नये, उत्तेजन द्यावे, पण उत्तर सुचवू नये. प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारावा आणि उत्तर जसेच्या तसे टिपून घ्यावे. जो भित्रा मुलगा नीसमध्ये एकदा मृतदेहापुढे उभा केला गेला होता, त्याने आता दुसऱ्यांच्या मुलांसाठी निर्भय परीक्षेची खोली तयार केली.

१९०८ मध्ये दोघांनी ही श्रेणी सुधारून वयानुसार बसविली. तीन वर्षांच्या मुलाने आपले नाक, डोळे व तोंड दाखवावे. पाच वर्षांच्याने चौकोन पाहून काढावा आणि चार नाणी मोजावीत. सहा वर्षांच्याने उजवा हात व डावा कान ओळखावा. आठ वर्षांच्याने वीसपासून शून्यापर्यंत उलटे आकडे म्हणावेत, अशा प्रकारे तीन ते तेरा वर्षांपर्यंत प्रत्येक वयाच्या चाचण्या ठरल्या. एखाद्या वयाची बहुतेक सामान्य मुले जे करू शकतात ते त्या वयाचे माप मानले गेले. म्हणजे दहा वर्षांचे मूल आठ वर्षांच्या चाचण्यांपर्यंतच पोचले तर त्याची बौद्धिक पातळी आठ वर्षांची, असे म्हणावयाचे. बिने यांनी 'पातळी' हा शब्द वापरला, कारण पातळी वर चढू शकते. हीच कल्पना पुढे मानसिक वय ह्या नावाने रूढ झाली. १९११ मध्ये त्यांनी ह्या श्रेणीत आणखी एकदा सुधारणा केली.

बिने यांचे कार्य ह्या श्रेणीपुरतेच होते असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. १९०५ मध्ये पॅरिसच्या एका गरीब वस्तीतील, ग्रांज-ओ-बेल ह्या रस्त्यावरील शाळेत त्यांनी एक शैक्षणिक प्रयोगशाळा स्थापिली. तेथील मुख्याध्यापक व्हिक्टर व्हाने हे त्यांचे निष्ठावंत सहकारी होते. व्हाने यांनी वाचन, गणित व शुद्धलेखन ह्यांत कोणत्या वयाच्या मुलाला काय यावयास हवे ह्याचे कोष्टक तयार केले. नऊ वर्षांखालील मूल दोन वर्षांनी आणि त्यावरचे मूल तीन वर्षांनी अभ्यासात मागे असेल तर त्याची बारकाईने तपासणी करावी, असा स्थूल नियम ठरला. पण त्याआधी ते मूल शाळेत नियमितपणे येत होते की नाही हे पाहावयाचे. जे शाळेत आलेच नाही ते मागे राहिले ह्यात नवल कसले? मुलांची दृष्टीही तपासली जाई आणि ती तपासणी शिक्षकांना स्वतः करता यावी अशी सोपी पद्धत बसविली गेली. ज्याला फळ्यावरचे अक्षरच दिसत नाही त्याला आळशी म्हणण्यात काय अर्थ? ह्याप्रमाणे डॉक्टरांची तपासणी, शिक्षकांची तपासणी आणि मानसशास्त्रज्ञांची तपासणी ह्या तिन्ही मिळून मुलाचे खरे चित्र उमटते, असे त्यांचे मत होते. केवळ एका आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तपासणी झाली, पुढे काय? येथेच बिने यांचे खरे मोठेपण दिसते. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १९०७ च्या सुमारास पॅरिसमध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी खास वर्ग उघडले आणि १५ एप्रिल १९०९ च्या कायद्याने अशा वर्गांना सरकारी मान्यता मिळाली. ह्या वर्गांत एकदम पुस्तक हाती दिले जात नसे. वाकडे हाडे सरळ करण्यासाठी जसे व्यायाम असतात तसे मनाचे व्यायाम बिने यांनी सुचविले. सर्व मुलांनी पुतळ्यासारखे काही काळ निश्चल उभे राहावयाचे. पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे न सांडता न्यावयाचे. काही क्षण दाखविलेल्या वस्तू आठवून सांगावयाच्या. खेळातला खेळ आणि शिस्तीतली शिस्त. ह्यातून अवधान, इच्छाशक्ती आणि स्मरण वाढते, आणि मग अक्षरे व आकडे मुलाच्या हाती लागतात. शिकण्यापूर्वी कसे शिकावे हे शिकविले पाहिजे, असा ह्या पद्धतीचा गाभा होता.

१९०९ मध्ये मुलांविषयीच्या आधुनिक कल्पनांवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात, बुद्धी ही जन्माबरोबर मिळालेली ठरीव रक्कम असून ती कधी वाढतच नाही, ह्या समजुतीला त्यांनी कडाडून विरोध केला. ह्या निराशावादाचा प्रतिकार करणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. नापीक समजून सोडलेल्या शेताची योग्य मशागत केली तर तेथेही पीक येते, हा त्यांचा अनुभव होता. कामाचा हा डोंगर उपसत असतानाच ते आंद्रे द लोर्द यांच्याबरोबर रंगभूमीसाठी नाटकेही लिहीत. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. श्रेणीची सुधारणा प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये देह ठेवला.

बिने गेले आणि त्यांची श्रेणी जगभर पसरली. परंतु जे शस्त्र रक्षणासाठी घडविले त्याने इजाही करता येते. १९१२ मध्ये जर्मनीतील श्टेर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. अमेरिकेतील टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून १९१६ मध्ये बुद्ध्यंक रूढ केला. आता साऱ्या मुलाचे मोल एका आकड्यात मावू लागले. ह्याच अमेरिकेत गॉडर्ड नावाच्या गृहस्थांनी, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजी न जाणणाऱ्या परदेशी लोकांना ह्या चाचण्या लावल्या आणि त्यांतील अनेकांना मंदबुद्धी ठरविले. थकलेला, गोंधळलेला, परक्या भाषेतील प्रश्न ऐकणारा मनुष्य कसे उत्तर देणार! बुद्धी पूर्णपणे आनुवंशिक आहे असे मानणाऱ्यांनी बिने यांचेच साधन बिने यांच्या मताविरुद्ध वापरले. सिमाँ पुढे पुष्कळ वर्षे जगले. आपल्या श्रेणीचा मूळ हेतूच येथे हरवला, अशी खंत त्यांना वाटत असे.

त्याच वेळी एक चांगले बीजही रुजत होते. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडचे एक तरुण संशोधक ग्रांज-ओ-बेलच्या त्या शाळेत मुलांच्या चाचण्या घेण्यासाठी आले. किती उत्तरे बरोबर आली हे मोजण्याचे काम त्यांच्याकडे होते; पण त्यांचे लक्ष वेधले ते चुकीच्या उत्तरांनी. मूल चुकते तेव्हा ते कोणत्या विचाराने चुकते? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी जन्मभर केला. ते संशोधक म्हणजे विख्यात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे होत.

आपल्या देशातही ह्या विद्येचा प्रवेश लवकरच झाला. लाहोरच्या कॉलेजातील राईस यांनी हिंदुस्थानी भाषेत केलेली श्रेणी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावे असे नाव म्हणजे डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिने यांच्या श्रेणीची सुधारून नवी बांधणी केली. धारवाडकडील मुलांवर ती पारखून घेतली आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हे काम नुसत्या भाषांतराचे नव्हते. पॅरिसच्या मुलाला ठाऊक असलेले नाणे, चित्र किंवा शब्द आपल्या खेड्यातील मुलाला ठाऊक नसतो. आणि न पाहिलेल्या वस्तूविषयी विचारून बुद्धी कळत नाही. १९५५ मध्ये चंद्रमोहन भाटिया यांनी ठोकळे, आकृती व चित्रे ह्यांवर आधारलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत वाचता येण्याची गरज नसे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या नागपुरात डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांच्या श्रेणीला भारतीय रूप दिले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही अनेक रुग्णालयांत त्याचा वापर होतो.

भाषेचा हा मुद्दा इचोड्यासारख्या गावी राहणाऱ्यांना सांगावयास नको. आपल्या भागात कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी गोंडी, कोलामी, लंबाडी, तर कोणाच्या घरी उर्दू. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी अवस्था असलेले मूल पहिल्या वर्षी गप्प बसते. ते गप्प बसणे म्हणजे मंदपणा नव्हे. ह्याच आदिलाबादच्या परिसरात मार्लवाई येथे १९४३ मध्ये हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. आपल्या भाषेत विचारले म्हणजे मूल बोलते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. बिने यांचे तत्त्व आणि मार्लवाईचा अनुभव ह्यांचे येथे सहज मीलन होते.

आता ह्या शास्त्राची दृष्टी आणखी सूक्ष्म झाली आहे. काही मुलांची बुद्धी उत्तम असते, तोंडी उत्तरे ती झटकन देतात. परंतु वाचन, लेखन किंवा गणित ह्यांपैकी एखादी गोष्ट त्यांना विलक्षण जड जाते. ह्याला अध्ययन-अक्षमता म्हणतात. अक्षरे उलटसुलट होतात, ओळ सुटते, पाढा काल पाठ झालेला आज आठवत नाही. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने देशभर ह्या अक्षमतेला मान्यता मिळाली. तपासणीचा क्रम मात्र अजूनही बिने यांनी आखलेल्या वाटेनेच जातो : आधी डोळे व कान तपासावयाचे, मग प्रकृती व शाळेतील हजेरी पाहावयाची, मग बुद्धीच्या चाचण्या, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, आणि ह्या सर्वांवरून त्या मुलाला कसे शिकवावे ह्याची योजना. जादा वेळ, लेखनिकाची मदत, वेगळ्या पद्धतीने शिकवणी ह्यांमुळे कितीतरी मुलांची वाट मोकळी होते.

तरीही पुष्कळ घरांत अशा तपासणीचे नाव काढले की आईवडिलांचा चेहरा उतरतो. लोक काय म्हणतील, मुलावर शिक्का बसेल, ही भीती त्यांना वाटते. बिने यांचे चरित्र वाचल्यावर ह्या भीतीचे उत्तर मिळते. शिक्का तर अगोदरच बसलेला असतो. वर्गातील मुलांनी आणि शेजाऱ्यांनी तो कधीच मारलेला असतो. तपासणी त्या शिक्क्यामागचे कारण शोधते. कारण कळले म्हणजे उपाय सापडतो. मात्र ज्या तपासणीनंतर मुलासाठी काहीच केले जात नाही, केवळ आकडा कागदावर लिहून ठेवला जातो, ती बिने यांच्या मार्गातील नव्हे, हेही तितकेच खरे.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या पुरुषाला स्वतःला गुरू लाभला नाही, ज्याने एका मोठ्या चुकीची जाहीर कबुली दिली, ज्याला मानाचे अध्यासन मिळाले नाही, त्याने आपले आयुष्य वर्गात सर्वांत मागे असलेल्या मुलांसाठी खर्च केले. त्यांच्या चरित्रापासून आपण एवढे तरी घ्यावे, की आपल्या बाकावरील सोबत्याला ढ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्याला फळा दिसतो का? शिक्षकांचे बोलणे ऐकू येते का? शाळेची भाषा त्याच्या घरची आहे का? तो जेवून आला आहे का? हे चार प्रश्न विचारण्यास कोणतीही पदवी लागत नाही. आणि त्यांचे उत्तर मिळाल्यावर त्याची पाटी आपल्यासमोर ओढून त्याला एक ओळ वाचावयास मदत करण्यासही लागत नाही. एखादे मूल मागे का पडते हे धीराने शोधावे आणि मग त्याचा हात धरून त्याला पुढे आणावे, हेच आल्फ्रेड बिने यांचे खरे स्मारक होय.